हत्तीबोडीच्या गालावरची तीट

मी ज्या जागी गुडघाभर पाण्यात उभी राहून आमची म्हैस धुते, त्या जागी अथांग खड्डा आहे, असं अहवालात लिहिलं होतं. पान सत्तावीस. वर हत्तीबोडीचा नकाशा, नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यात एक काळा ठिपका आणि ठिपक्यासमोर बारीक अक्षरांत शब्द: 'तळ आढळला नाही. जनावरे व मुले यांच्या जिवाला धोका.' मी ते तीनदा वाचलं. मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. सकाळचा चिखल अजून तिथे वाळून बसला होता.

बोडी म्हणजे आमच्या गोंदियाकडचं लहान तळं. पळसटोल्याच्या या बोडीत फार पूर्वी एका जमीनदाराचा हत्ती आंघोळीला यायचा, म्हणून ती हत्तीबोडी. आता २०६८ साली हत्तीही नाही आणि जमीनदारही नाही, पण बोडी आहे. तिच्यात शिंगाड्याच्या वेली आहेत, मासे आहेत आणि गावच्या अर्ध्या भाताला पाणी तिचंच जातं. ती बुजवून तिथे ड्रोनतळ करायचा, म्हणजे सामानाचे डबे घेऊन उडणाऱ्या यंत्रांना उतरायला सपाट मैदान करायचं, असं घाटत होतं. कारण काय, तर बोडी धोकादायक आहे. दुसरं कारण तर ऐकण्यासारखं होतं. बोडीची हुबेहूब प्रतिकृती संगणकात आहेच, तेव्हा बोडी गेली तरी काही जाणार नाही, असं अहवाल म्हणत होता.

सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीत सुनावणी होती. मोठी माणसं एकमेकांकडे बघत गप्प बसली होती, म्हणून मीच उठले. मी धनिष्ठा वलथरे, वय बारा. मला सगळे धनू म्हणतात.

"साहेब, त्या कोपऱ्यात खड्डा नाही," मी म्हणाले. "मी रोज उभी राहते तिथं. पाणी इथवर येते." मी गुडघा दाखवला.

ड्रोनतळ मंडळाचे अधिकारी सबनीस साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. पण लहान मुलांशी बोलताना मान तिरकी करायची सवय असते ना काहींना, तसे ते होते. "बाळ, ही पाहणी यंत्रानं केली आहे," ते म्हणाले. "तुझ्या गुडघ्यानं नाही."

"पण मी खरंच उभी राहते."

"खरंच म्हणजे काय?" साहेबांना आता मजा वाटू लागली होती. "अगं, मोठमोठे विचारवंत म्हणतात की हे आख्खं जगच कुणाच्या तरी प्रचंड संगणकातलं सिम्युलेशन असू शकेल. तू, मी, ही टेबलं, सगळंच. मग तुझी बोडी खरी आणि आमच्या संगणकातली खोटी, हे तू कशावरून ठरवलंस? सिद्ध करून दाखव. शुक्रवारी पुढची सुनावणी आहे, तोवर वेळ घे."

सभागृह हसलं. आमच्याच गावची माणसं, ज्यांच्या म्हशी त्याच कोपऱ्यात डुंबतात, ती हसली. मला एवढा राग आला की कानशिलं तापली. वर आणखी जाता जाता साहेब म्हणाले, "गालाला शाई लागलीय तुझ्या." ती शाई नव्हती. माझ्या डाव्या गालावर तीळ आहे, जन्मापासूनचा. लहानपणी येणारी जाणारी प्रत्येक बाई पदरानं तो पुसून बघायची, कारण सगळ्यांना ती तीट वाटायची. तीट म्हणजे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावतात तो काजळाचा ठिपका. गोंडस बाळात मुद्दाम एक खोट ठेवायची, म्हणजे कुणाची नजर लागत नाही, अशी समजूत.

मी तडक घरी गेले, कारण माझा निम्मा राग घरातल्याच एका माणसावर होता. संगणकातली ती बोडी माझ्या आबाजींनी बनवलेली आहे. आबाजी म्हणजे माझे आजोबा, डॉक्टर वलथरे. त्यांनी तीस वर्षं तळ्यांच्या अशा प्रतिकृती बनवल्या. महिनाभरापूर्वी पाय मोडला म्हणून ते सुनावणीला येऊ शकले नव्हते. ओसरीवर प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून ते उकडलेले शिंगाडे सोलत बसले होते.

"तुमच्यामुळं झालं हे सगळं," मी दप्तर आपटलं.

"काहून फणफणून राहिली? आधी दोन शिंगाडे खा. मग भांड."

"मले नाही खायचे. तुम्ही बोडीची नक्कल केली, आता ते लोक नक्कल ठेवून अस्सल बुजवून राहिले. आणि तुमच्या नकलेत खड्डा आहे. आपण म्हैस धुतो त्या कोपऱ्यात. तळ आढळला नाही म्हणे. वर साहेब म्हणते, जगच सिम्युलेशन असंन, तुझी बोडी खरी हे सिद्ध कर."

आबाजींनी हात पुसले आणि अहवाल घेतला. पान सत्तावीस वाचताना त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग आठी गेली आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले. माझे आबाजी लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अरे बाप्पा," ते म्हणाले. "धनू, हा खड्डा नाही. ही तीट आहे."

"काय?"

"वीस वर्षं झाली त्याले. प्रतिकृती पुरी झाली तेव्हा मी तुझ्या आजीले दाखवली. लाटा, कमळं, मासे, सगळं हलून राहिलं होतं. ती म्हणे, एवढं देखणं लेकरू, याले दृष्ट लागंन, तीट लावा. मी म्हटलं, मी विज्ञानाचा माणूस, संगणकाले कुठं तीट लावता? ती म्हणे, मग संध्याकाळचं जेवण संगणकालेच मागा." आबाजींनी खाकरून घसा साफ केला. "मग मी कोपऱ्यातला एक चौकोन काळा केला. त्यात पाणी किती खोल, तो रकाना रिकामा सोडला. साहेबाच्या यंत्रानं रिकामा रकाना पाहून लिहिलं, तळ आढळला नाही."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रागही आला. एवढ्या मोठ्या मंडळाच्या एवढ्या मोठ्या अहवालातला खड्डा म्हणजे माझ्या आजीची तीट. पानंच्या पानं टंकून झाली, शिक्के झाले, पण बोडीवर जाऊन एकदा काठी बुडवून बघावी, असं कुणालाही वाटलं नाही.

"मग झालं," मी म्हणाले. "शुक्रवारी हेच सांगते."

"सांग. पण साहेबानं दोन गोष्टी इचारल्या न? खड्ड्याचं उत्तर भेटलं. दुसऱ्याचं काय? तुझा गुडघा खरा कशावरून?"

"तो प्रश्न चावट आहे."

"चावट आहे, पण चांगला आहे. चांगल्या प्रश्नावर रागवू नये. तो कोण कशासाठी वापरून राहिलं, त्यावर रागवावं." आबाजींनी संगणक जवळ ओढला. "ये. आधी सिम्युलेशन म्हणजे काय ते समजून घे."

सिम्युलेशन म्हणजे चालती प्रतिकृती. तिच्यात दोनच गोष्टी असतात, आकडे आणि नियम. आबाजींनी बोडीचे चटईएवढे चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनाचे आकडे वेगळे: पाणी किती, गरम किती, मासा आहे की नाही. नियम अगदी साधे. शेजारच्या चौकोनात पाणी कमी असेल तर थोडं तिकडे सरकव. मासा भुकेला असेल तर त्याला शेवाळाच्या चौकोनाकडे ने. संगणक हे नियम प्रत्येक चौकोनाला लावतो, मग पुन्हा लावतो, क्षणोक्षणी लावत राहतो. आपल्याला मात्र पडद्यावर लाट आणि पोहणारा मासा दिसतो.

"आणि या बोडीत कोणी राहते," आबाजी म्हणाले.

पडद्यावर काठाकाठानं एक लांब पायांचा पक्षी चालत होता. ती टिटवी होती. टिटवी म्हणजे आबाजींनी प्रतिकृतीत सोडलेली एक शोधक प्रणाली (स्वतः निरीक्षण करून त्यातून नियम शोधणारा, संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच). चुका सापडाव्यात म्हणून तिला सोडलेलं. ती मोजते, विचार करते आणि वहीत लिहिते. तिची वही आपल्याला वाचता येते. आपण मात्र तिला दिसत नाही. बाहेर काही आहे हेच तिला ठाऊक नाही. आपलं एक मिनिट म्हणजे तिचा एक दिवस.

मी वही उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'पाण्याचा सर्वांत लहान तुकडा एका चौकोनाएवढा असतो. त्याहून लहान पाणी मी पाहिलेलं नाही. हा निसर्गाचा नियम दिसतो.'

"निसर्गाचा नियम कसला?" मी म्हणाले. "हा तर तुमचा आळस आहे."

"आळस नाही. तेव्हाचा संगणक लहान होता. याहून बारीक चौकोन त्याले झेपले नसते."

पुढच्या पानावर होतं: 'कोणतीही लाट एका क्षणात एका चौकोनाहून पुढे जात नाही. जगातली सर्वांत मोठी गती हीच असावी.' त्यापुढे: 'दर एकेचाळीस दिवसांनी वारा अगदी तसाच वाहतो. याला मी वाऱ्याचं चक्र म्हणते.' आबाजींकडे वाऱ्याची नोंद एकेचाळीस दिवसांचीच होती, म्हणून त्यांनी तीच पुन्हा पुन्हा वापरली होती.

आता माझा राग टिटवीच्या बाजूनं वाढायला लागला. बिचारी एवढी मन लावून मोजते, एकही गोष्ट ठोकून देत नाही, आणि आम्ही तिच्या जगात सगळीकडे ठिगळं लावून ठेवलेली. प्रत्येक ठिगळ तिला निसर्गाचा नियम वाटत होतं. त्यात तिची चूक तरी काय? आतून ठिगळ आणि नियम सारखेच दिसणार.

मग तीट आली. तिच्यावर टिटवीनं बारा पानं लिहिली होती. 'ईशान्येचा काळा ठिपका. मासे त्याला वळसा घालतात. मी चोचीनं चारशे वेळा पुसून पाहिला, पुसत नाही. तीन तर्क करता येतात. ही वेगळ्या जातीची वस्तू असेल. किंवा मला न कळलेला एखादा नियम असेल. किंवा तो कुणीतरी लावला असेल. पण लावणारं कोणी मी पाहिलेलं नाही.'

"तिसरं, टिटवे, तिसरं," मी पडद्याला सांगत होते.

आबाजींनी माझ्या गालावर बोट ठेवलं. "हा तीळ आहे का तीट, हे बाया कशा ठरवत होत्या?"

"पदरानं पुसून. पुसला तर तीट, नाही पुसला तर तीळ."

"टिटवीनंही तेच केलं. पण तिच्या चोचीनं पुसल्या जात नाही, कारण पुसायचं फडकं तिच्या जगात नाही. ते इथं आहे, माझ्या कळफलकावर."

"मग मी पुसते," मी म्हणाले आणि त्यांनी काही म्हणायच्या आत पुसलंच. काळा चौकोन नाहीसा झाला. तिथे पाणी आलं आणि एक मासा सरळ त्यातून पोहत गेला. आता तरी टिटवीला कळेल म्हणून मी वहीवर डोळे लावून बसले.

'आज ठिपका नाही,' ओळ उमटली. 'ठिपके बराच काळ असतात आणि मग जातात, असा नियम दिसतो.'

मी कपाळावर हात मारला. मग मी ठरवलं की आता सरळच सांगायचं. मी एकेक मासा उचलून ठेवत गेले आणि माशांची अक्षरं केली: 'टिटवी, तुझं जग आम्ही केलं.' टिटवी काठावर थांबली. तीन मिनिटं, म्हणजे तिचे तीन दिवस, ती हललीसुद्धा नाही. मग तिनं लिहिलं:

'बाहेर कोणी असेल. किंवा माझ्याच जगातला एखादा न दिसणारा प्राणी माशांना वळण लावून माझी थट्टा करत असेल. किंवा माझं डोकं बिघडलं असेल. पहिली शक्यता आता पुष्कळ मोठी वाटते. पण सिद्ध झालं, असं मी लिहिणार नाही.'

"किती हट्टी आहे ही."

"हट्टी नाही, प्रामाणिक आहे," आबाजी म्हणाले. "तिच्या जागी आता आपल्याले ठेव. आपलं जग सिम्युलेशन नाही, हे सिद्ध करता येईन का?"

मी विचार केला. मी काहीही दाखवलं, दगड दाखवला, चिमटा काढून दाखवला, तरी चांगल्या सिम्युलेशनमध्ये तसाच दगड असणार आणि चिमटा तसाच दुखणार. "नाही येणार," मी म्हणाले. मला हे अजिबात आवडलं नाही.

"बरं, उलट? आपलं जग सिम्युलेशन आहे, हे सिद्ध करता येईन?"

"टिटवीसारखे चौकोन सापडले तर?"

"काही शास्त्रज्ञांनी तसे शोधायची युक्ती सुचवली आहे. विश्वकिरण (दूरच्या अवकाशातून प्रचंड वेगानं येऊन पृथ्वीवर आदळणारे कण) काही ठरावीक दिशांनाच जास्त झुकतात का, ते पाहायचं. जागेचे बारीक चौकोन असले तर तसं दिसू शकते. आतापर्यंत काही सापडलं नाही. पण समज, उद्या सापडलं. मग?"

मग टिटवीसारखंच होणार, हे मला समजलं. कुणी म्हणेल, बघा, संगणकाचे चौकोन. दुसरा म्हणेल, निसर्गच चौकोनी आहे, त्यात काय? पुरावे जमत जातील, शक्यता वाढत जाईल, पण तीळ की तीट हे पक्कं ठरवायचं फडकं आपल्या हातात नाही. ते बाहेरच्याच्या हातात आहे, बाहेर कोणी असलंच तर.

"आणि एक शब्द ध्यानात ठेव," आबाजी म्हणाले. "खंडनक्षमता (काय दिसलं तर आपलं म्हणणं चुकीचं ठरेल, हे आधीच सांगता येणं). मी म्हटलं, कोपऱ्यात पाणी गुडघाभर आहे. ते कमरेवर आलं की मी चुकलो. म्हणून ते विज्ञानाचं वाक्य. साहेब म्हणते, सगळं जग सिम्युलेशन असू शकते. काय दिसलं तर ते चुकलं म्हणायचं? काहीच नाही. असं वाक्य मनात खेळवाले लय चांगलं. पण त्यावर कोणाची बोडी बुजवू नये."

"मग मी शुक्रवारी हरणार? सिद्ध तर करता येत नाही."

"जे कोणालेच सिद्ध करता येत नाही, ते तुले आलं नाही, यात हरणं कुठून आलं? पण मी नाही सांगत तू काय बोलायचं. तूच शोध, त्या प्रश्नाचा बोडीशी काय संबंध आहे."

तीन दिवस मी चिडचिड करत फिरले. आई काही म्हणाली की उलट बोलायचे. गुरुवारी सकाळी म्हैस धूत होते, त्याच कोपऱ्यात, गुडघाभर पाण्यात. म्हशीनं शेपटीचा एक सपकारा माझ्या तोंडावर मारला. मी डोळे पुसत तशीच उभी राहिले, कारण मला उत्तर सापडलं होतं. इतकं साधं की आणखीच राग आला.

शुक्रवारी आबाजींना चाकाच्या खुर्चीवरून नेलं. सरपंच रजनीताई उके यांनी माझं नाव पुकारलं. सबनीस साहेबांनी मान तिरकी केली आणि विचारलं, "काय मग, झालं का सिद्ध?"

"नाही झालं," मी म्हणाले. "होणारही नाही. जग सिम्युलेशन आहे का नाही, हे आत बसून कोणालेच पक्कं सांगता येत नाही. तुम्हालेही नाही. पण साहेब, समजा आहे. तर मग आमची बोडी आभासी आणि तुमचा ड्रोनतळही आभासी. बोडीत टाकणार तो मुरूमही आभासी. जी गोष्ट दोन्ही बाजूंले सारखीच लागू होते, तिच्यानं एक बाजू कशी निवडता? ती तर बाजूलेच ठेवावी लागते. मग उरते काय? बोडी आणि ड्रोनतळ. सोमवारी होतं तेच."

साहेबांची मान सरळ झाली. रजनीताईंनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"आता खड्डा," मी म्हणाले आणि आबाजींनी तिटीची गोष्ट सांगितली. आजीच्या जेवणासकट सांगितली. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. यावेळी ते माझ्यावर हसत नव्हते.

"पण संगणकाला तीट कोण लावतं?" साहेब वैतागून म्हणाले.

"तुमच्या गाडीले समोर लिंबू-मिरची कोणी बांधली, साहेब?" रजनीताईंनी विचारलं. "मघाशी आत येताना पाहिली मी."

मग मी टिटवीची हकीकत सांगितली आणि शेवटचं बोलले. ते बोलताना माझा आवाज चढला, पण मी तो खाली आणला नाही.

"टिटवीले त्या ठिपक्याचं कोडं सुटलं नाही, कारण तिले बाहेर येता येत नाही. तिचा नाइलाज आहे. तिनं तरी चारशे वेळा जाऊन पाहिलं. तुम्ही कितीदा गेले? संगणकातल्या बोडीच्या तुम्ही बाहेर आहात, साहेब. तुमच्याजवळ फडकं आहे. ठिपका खड्डा आहे का तीट, हे तुम्हाले कळू शकत होतं, बोडी इथून चारशे पावलांवर आहे. नक्कल चुकली तर दुरुस्त करता येते, कारण अस्सल बोडी तिथं आहे, तिच्यात उभं राहून पाहता येते. बोडी बुजवली तर माझ्या आजीची तीट कायमचा खड्डा होऊन बसंन. मग आम्ही कुठं उभं राहून सांगायचं की तिथं पाणी गुडघाभर होतं?"

रजनीताई उठल्या. "साहेब, पोट्टी बरोबर बोलून राहिली. चला, चालून पाहू."

आख्खं गाव बोडीवर आलं. साहेबांनी काठावर बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट घातले, पँट दुमडून वर घेतली आणि अहवालातल्या अथांग खड्ड्यात पाय टाकला. मग दुसरा टाकला. ते मधोमध जाऊन उभे राहिले. पाणी गुडघ्याला लागत होतं.

"बुडाले का, साहेब?" मी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. बारके मासे त्यांच्या पायांभोवती आले होते. "नाही," ते म्हणाले. मग मान अजिबात तिरकी न करता माझ्याकडे बघून म्हणाले, "पान सत्तावीस मी मागे घेतो. प्रतिकृती आहे तेव्हा बोडी नसली तरी चालेल, हे वाक्यही. ते मीच लिहिलं होतं."

ड्रोनतळ आता गावाबाहेरच्या मुरमाड टेकाडावर होणार आहे. तशी लेखी चिठ्ठी आली. माझा निम्मा राग त्या चिठ्ठीनं उतरला. निम्मा अजून आहे. चारशे पावलं चालायला एका बारा वर्षांच्या मुलीनं भांडावं का लागावं, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

शुक्रवारी बोडीवरून आल्यावर दुपारीच मी टिटवीची वही उघडली. बोडीच्या धांदलीत चार दिवस तिला विसरलेच होते. ती मात्र सारखी लिहीत होती. तिच्या जगात एव्हाना पंधरा वर्षं उलटून गेली होती.

'काळ्या ठिपक्याची मला आठवण येते,' तिनं लिहिलं होतं. 'त्याच्यावर मी पुष्कळ विचार केला होता. बाहेर कोणी आहे का, याची मी एक चाचणी मांडते. कोणी असेल आणि ही वही वाचत असेल, तर येत्या पौर्णिमेला ठिपका परत यावा, पण जुन्या जागी नाही, दोन चौकोन दक्षिणेला. आपोआप असं होण्याचा संभव फार थोडा. ठिपका आला नाही, तर वही वाचणारं कोणी नाही, असं मी धरून चालेन.' खाली तारीख होती. तशीच नोंद तिनं दर पौर्णिमेला केली होती. एकशे नव्वदपेक्षा जास्त पौर्णिमा. प्रत्येकीसमोर 'आला नाही'. तरीही पुढच्या पौर्णिमेची चाचणी तिनं पुन्हा मांडली होती.

मला माझीच इतकी लाज वाटली. सबनीस साहेब चार दिवस बोडीवर गेले नाहीत म्हणून मी गावासमोर ओरडले होते. मी तर तिची बाहेरची होते, आणि मी तिच्या बोडीच्या गालावरची तीट पुसून निघून गेले होते.

"आबाजी, तीट परत लावू द्या."

"लाव. पण मी प्रतिकृतीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो की ही तीट आहे, खड्डा नाही." त्यांनी खरंच लिहिलं.

पौर्णिमेला अकरा मिनिटं होती. मी बोट कळफलकावर ठेवून बसून राहिले आणि बरोबर वेळेला, दोन चौकोन दक्षिणेला, तीट लावली. टिटवी धावत आली. तिनं ठिपक्याभोवती सात फेऱ्या मारल्या. मग ओळ उमटली.

'आला. शक्यता फार वाढली. सिद्ध झालं नाही. तरी, कोणी असाल तर, आभार.'

मी रोज शाळेतून आल्यावर आता तिची वही वाचते. तिला बारीक चौकोन देता यावेत म्हणून आबाजी आणि मी मोठ्या संगणकासाठी अर्जही केला आहे. मोठी झाले की मी विश्वकिरणांवर काम करणार आहे. काही सापडलं तर घाईनं 'सिद्ध झालं' लिहायचं नाही आणि काही सापडलं नाही तरी पुढची पौर्णिमा मांडायची, हे मी टिटवीकडून शिकले.

संध्याकाळी म्हैस घेऊन बोडीवर गेले. कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि वर बघितलं. कुणाला काही विचारावं असं वाटत होतं, पण काय विचारावं ते सुचेना. मग ओंजळीत पाणी घेतलं आणि डावा गाल घासला. पुष्कळ घासला. पाण्यात वाकून पाहिलं.

तीळच आहे. अजून तरी.